पालकाची सही

कर्र... कर्र... तो आवाज तुम्ही ऐकलेलाच नाही, तर तुम्हाला मी काय सांगू आणि कसं सांगू? बोरू कागदावरून चालताना होतो तो. तंजावरला माझे वडील अन्नछत्राच्या कचेरीत मोडी लिहायचे, सकाळपासून कर्र कर्र, आणि मी जाजमाच्या कडेला बसून ऐकत राहायचो. शाळा माझी तिसरीपर्यंत, पुढं नाही. पण वडिलांनी एक गोष्ट शिकवली, माझी सही. वेंकोबा. हात न उचलता, एका दमात, आणि शेवटी शेपटीला एक गिरकी. त्या सहीकडं बघून हा कॉलेजातला कारकून काय म्हणतो? म्हणे, 'रायरे, इथं किडा चिरडलाय का?' आम्हा मराठी लोकांना इथं मद्रासला रायर म्हणतात, त्याचं काही नाही, पण किडा? मी कमी बोलणारा माणूस, घरात कुणालाही विचारा, पण वीट आला, तुम्हाला सांगतो.

तुम्ही पुण्याकडून नवीन आलेले, तुम्हाला वाटेल म्हातारा मधूनच सुरू झाला. बरं, पहिल्यापासून घेतो. माझी थोरली, विजयलक्ष्मी, आम्ही विजी म्हणतो, नुंगंबाक्कमला एका कंपनीत टायपिस्ट. सहा वर्षं. बोटं अशी चालतात की मशीनला दम लागावा. आणि टायपिस्टच. का? तर नवा मॅनेजर म्हणाला, वरच्या खुर्चीवर बसायला बी.कॉम. लागतं. तिच्यानंतर नोकरीला लागलेला एक मुलगा, पत्रातल्या चुका हिच्याकडून दुरुस्त करून नेणारा, तो बी.कॉम. म्हणून वर गेला, आणि आता त्याची पत्रं ही टाइप करते. चुका अजून तीच काढते. मग विजीनं ठरवलं, संध्याकाळच्या कॉलेजात बी.कॉम. करायचं, नोकरी सांभाळून, तीन वर्षं. अर्ज आणला, सगळा स्वतः भरला, इंग्रजीत, आणि एक जागा रिकामी ठेवून दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. म्हणाली, "अप्पा, इथं तुमची सही पाहिजे."

आता मी, तीस वर्षं एका वकिलाच्या घरी दप्तरं वाहिलेला माणूस. दुसऱ्यांच्या सह्यांची गाठोडी उचलून खांदा झिजला, पण माझी सही कुणी मागितली होती? मी आंघोळ केली, हो, सहीसाठी आंघोळ केली, आणि बसून, सावकाश, गिरकीसकट...

आणि तो नारायणस्वामी, कॉलेजातला कारकून, आधी म्हणतो किडा, मग अक्षरांवरची रेघ बघून खुर्ची मागं सरकवतो. 'इंदी?' अहो, हे सहासष्ट साल, वर्षापूर्वीच इथं हिंदीवरून किती पेटलं होतं, रस्त्यातल्या पाट्यांना डांबर फासलेलं अजून दिसतं, आणि हा मला सगळ्यांसमोर विचारतोय हिंदी का म्हणून. रांगेतले चौघे माझ्याकडं वळले. मी म्हटलं, अय्या, हिंदी नव्हे हो, मोडी, आमची तंजावरची, राजांच्या वेळची. तो म्हणाला, राजा असो की मंत्री, मला वाचता येत नाही, आणि शाईची डबी पुढं सरकवली. 'अंगठा लावा, पेरियवरे,' म्हणजे आजोबा, 'एका मिनिटात काम होईल.'

अंगठा! सही येणाऱ्या माणसानं अंगठा लावायचा? मी म्हटलं, नाही लावणार. मग म्हणाला, गॅझेटेड अधिकाऱ्याकडून सही साक्षांकित करून आणा, ही तुमचीच म्हणून. मी म्हटलं, आणतो. विजी काहीतरी सांगायला लागली, मी हात वर केला. म्हटलं, "तू बोलू नकोस, हे बापाचं काम आहे."

आठ दिवस. तुम्हाला सांगतो, आठ दिवस मी मद्रासभर अधिकारी शोधत हिंडलो, आणि एकानं तरी सहीकडं बघावं? सगळे मुलीकडं बघतात! सरकारी दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, मी तुम्हाला ओळखत नाही, आणि मुलीला बी.कॉम. कशाला, नर्सिंगला घाला. मी सहीबद्दल आलोय हो. सईबाई, आमची मंडळी, तिची बहीण महालक्ष्मी मुद्दाम घरी येऊन बसली, की मुलगी बी.कॉम. झाली तर नवरा एम.कॉम. पाहिजे, आपल्या लोकांत एम.कॉम. किती आहेत, बोटावर मोजा. मी मोजले नाहीत. मला कुणीच विचारलं नव्हतं, आणि सगळे सांगत होते. वीट आला. मी कमी बोलणारा, आणि माझ्यासमोर सगळे हे असे बोलणारे.

शेवटी मैलापूरला राघोत्तमरावांकडं गेलो. आपलेच, तंजावरचेच, तहसीलदार होते, शिक्का आहे त्यांच्याकडं. पहिल्या दिवशी ते पूजेत. दुसऱ्या दिवशी जेवून आडवे झालेले. तिसऱ्या दिवशी बसवून घेतलं आणि दोन तास मला शिक्षणावर ऐकवलं. 'वेंकोबा, बी.कॉम. म्हणजे बाजार. मुलीच्या जातीनं बी.ए. करावं, संस्कृत घ्यावं, घरात शोभा येते.' मी म्हटलं, अण्णा, शोभेनं खुर्ची मिळत नाही म्हणते ती. 'खुर्ची? घरात आहेत की खुर्च्या.' माझं हे असंच होतं, राग आला की मी गप्प बसतो, आणि समोरच्याला वाटतं पटलं. चौथ्या दिवशी मात्र त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा लावला, आणि एकदम त्यांचा आवाज मऊ झाला. म्हणाले, वा, हे वळण... माझे काका असं लिहायचे. शेपटीवरची गिरकी बोटानं हवेत काढून बघितली. मला, खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, चला, एक तरी माणूस भेटला. त्यांनी देवाच्या फळीवरून शिक्का काढला, हळदकुंकू लागलेला शिक्का, पुसला, ठाप्पकन मारला, सही केली. मी त्यांना वाकून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी विजीनं अर्धा दिवस रजा काढली आणि आम्ही दोघं कॉलेजात. नारायणस्वामीनं शिक्का बघितला, उलटा करून बघितला, आणि म्हणाला, 'हे रिटायर कधी झाले?' मी म्हटलं, नऊ वर्षं झाली असतील. 'मग हा शिक्का कशाचा? घरच्या देवाचा?' रांगेत हसले लोक. आणि परत ती शाईची डबी पुढं आली. आणि मी... तुम्हाला सांगतो, मी अंगठा पुढं केला. वडिलांची मनात माफी मागितली आणि डबीत बुडवला. आठ दिवसांपूर्वी जे एका मिनिटात होणार होतं, ते आता करायला निघालो.

तेवढ्यात आतून त्यांचा मोठा कारकून आला, पांढऱ्या केसांचा, सावकाश बोलणारा, चांगला माणूस वाटला. त्यानं अर्ज घेतला, वरपासून वाचला, वाचतो कोण इथं, पण त्यानं वाचला. आणि विजीला म्हणाला, "अम्मा, तुमचं वय सव्वीस. नोकरी आहे. मग पालकाची सही कशाला घेतलीत? एकवीसच्या वर लागत नाही. इथं खाली छापलंय."

खाली. बारीक अक्षरात. इंग्रजीत.

माझा अंगठा तसाच हवेत, निळा.

मी म्हटलं, मग घ्या की अर्ज, अय्या, सही खोडा, अंगठा नको, काहीच नको. त्यानं मान हलवली. बी.कॉम.च्या जागा परवा भरल्या. अर्ज येतील तसे घेतले. आता बी.ए. तत्त्वज्ञानाला जागा आहे, नाहीतर पुढच्या जूनमध्ये या.

आता मी कुणावर चिडू, सांगा. नारायणस्वामीवर? त्यानं तर पहिल्याच दिवशी डबी पुढं केली होती. राघोत्तमरावांवर? इतके दिवस मला सगळ्यांचा वीट येत होता, आणि त्या व्हरांड्यात उभं राहून कळलं की तो सगळा वीट फिरून माझ्यापाशीच येऊन बसलाय. बाप नसता तर पोरगी पहिल्याच दिवशी बी.कॉम.ला लागली असती. बाप होता, आणि त्याला सही येत होती.

बाहेर आलो. विजी पुढं, मी मागं, अंगठा धोतराला पुसत. सहा वर्षं इंग्रजी टाइप करणारी मुलगी, बारीक असो की जाड, एक ओळ तिच्या नजरेतून सुटायची नाही. आयुष्यात कधी मुलीला जाब विचारला नव्हता, त्या दिवशी विचारला.

"विजी, ती ओळ तू वाचली होतीस. मग माझी सही कशाला मागितलीस?"

तिनं अर्जाची घडी घातली, सहीचा भाग आत राहील अशी, पिशवीत ठेवला. माझ्याकडं एकदा बघितलं. मग पायऱ्या उतरली आणि बसच्या थांब्याकडं चालू लागली.