सूज आणि बाळसं

मंडळी, गिरीजच्या या हॉलमध्ये एवढी माणसं जमलीत. विरारच्या फ्लॅटांत राहायला गेलेलीही आलीत. बरं वाटलं, असं म्हणायचीही आज चोरी. आपला यशवंत गेला, त्याच्याबद्दल मला बोलायचं आहे. सांभाळून घ्या.

मी जात्याच संशयी. नारळसुद्धा कानाशी हलवल्याशिवाय घेत नाही. यशवंत उलटा. संध्याकाळी केळींना पाणी सोडलं की विहिरीच्या कठड्यावर बसायचा आणि आभाळाचं सांगत राहायचा. गेल्या उन्हाळ्यात म्हणाला, "नाना, सूर्यपण जाणार हां एक दिवस."

म्हटलं, "तुला कळवून जाणार काय?"

हसला. मग स्वातीची तांबूस चांदणी दाखवली. "ही बघ. आपल्या सूर्याच्याच जातीची, पण म्हातारी. गाभ्यातलं जळण सरलं की गाभा आत आक्रसतो आणि तारा बाहेरून फुगतो. लाल होतो. आधीपेक्षा जास्त उजळतो."

"म्हणजे तब्येत सुधारली म्हण की!"

"सूज ती, नाना. बाळसं नव्हे."

आणि शेवट? असा तारा धडाडून फुटत नाही म्हणे. केळीच्या खोडाची सोपटं सुटावीत तसे वरचे थर आभाळात सोडून देतो. उरतो पृथ्वीएवढा पांढरा निखारा. नवं जळण नाही. जुन्याच धगीवर युगानुयुगं निवत राहतो.

मला पटेना. एवढ्या मोठ्याचं मरण, आणि आवाज नाही?

पावसाळा सरता सरता यशवंताचा चेहरा भरला. आगाशीच्या बाजारात लोक म्हणायचे, "येशा, बाळसं धरलंस की!" तुमच्यातलेच म्हणायचे. तो नुसता हसायचा. मला खटकलं. एकदा त्याच्या ओट्यावर चहा घेत बसलेलो असताना मी त्याच्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला. भरून येईना.

"काय रे हे?"

"उभं राहून पाय सुजतात. बरा आहे मी."

मी सुमनवहिनींकडे बघितलं. त्या कपबश्या उचलून आत गेल्या. माझा चहा अजून संपला नव्हता.

तेव्हापासून एकच संशय मला खात होता. विहिरीवर तो सूर्याचं सांगत होता, की स्वतःचं? त्याला ठाऊक होतं का?

होतं. काल वहिनींनी सांगितलं. डॉक्टरांनी मूत्रपिंडांचं उन्हाळ्याआधीच सांगून ठेवलं होतं. हा घरी येऊन म्हणाला, "नानाला सांगू नकोस. कळलं तर आभाळ राहील बाजूला, औषधांचंच बोलत बसेल."

खरं आहे. मी औषधांचंच बोललो असतो. वहिनी, मान वर करा. तुमच्यावर राग नाही. त्याच्यावर आहे. येशा, ताऱ्याला कोणी विचारायला जात नाही. तुला मी विचारलं होतं रे.

मंडळी, घरी जाताना शेजारच्याला विचारा, कसा आहेस. "बरा आहे" म्हणाला, तर आणखी एकदा विचारा.

आता उभे राहू. यशवंतासाठी गप्प राहू. पण त्याच्याइतकं नको. दोन मिनिटं पुरेत.