चुलीवरचं पाणी तापेपर्यंत

चैत्र वद्य पंचमी, मंगळवार, दुपारचे दोन. शुद्ध हरपत चाललेल्या एका पोरीला उचलायचं सोडून त्या वेळी आपल्या गावात तिच्या आंघोळीचं पाणी चुलीवर ठेवलं गेलं. मला दुसरीकडून सुरुवात करता येत नाही. क्षमा करा.

मंडळी, बायांनो, शाळेच्या पटांगणात तुम्ही इतके जण आलात. हौसाचा तेरावा काल झाला. तिचा नवरा महादू पुढेच बसलाय, फौजेतून कालच पोचलाय. त्याच्याकडे बघून बोलणं फार जड जातंय. मी जन्मभर मिरजेला बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर होते, निवृत्त झाले आणि इथं माहेरी येऊन राहिले. लहानपणी कॉन्व्हेंटात नन्सनी शिकवलं होतं, की बाईनं हात जोडून हळू आवाजात बोलावं. हात जोडणं मला जमलं.

त्या दिवसापासून मी जागेपणी झोपल्यासारखी आहे. दुपारी ओट्यावर बसते. समोरचा माळ हलायला लागतो. ऊन पाण्यासारखं वाहतं, आणि त्या पाण्यातून हौसा चालत येते. पाय जमिनीला लागत नाहीत. खांद्यावर लोकरीचं गाठोडं. पदराचं टोक दातात धरलेलं, कारण तिला हसू आवरत नसे. "बाई, झोपलासा व्हय?" विचारते. मी म्हणते, नाही गं, ये, बस. आणि मग ओट्यावर नुसतं ऊन असतं.

तुम्हालाही दिसते का ती? मेंढरांच्या मागून येताना? विहिरीवर? मला वाटतं, दिसत असणार. म्हणून तर तुम्ही आलात.

हौसा धोंडूबाईंची थोरली सून. महादू शिमग्याला रजेवर येऊन गेला. पाडवा आला, गुढी उभी राहिली, आणि हौसाची पाळी काही आली नाही. तिनं ते फक्त जावेला सांगितलं, रखमाला. दोघी हसल्या. मग यात्रेच्या आधीच्या त्या रविवारी तिला थोडंसं डागलं. जरासंच. घरानं काय समजावं? बाजूला बसली, म्हणजे दिवस गेलेले नाहीत. विषय संपला. हौसाला बाहेरच्या छपरात घोंगडं दिलं, तांब्या वेगळा दिला. आपल्या रीतीप्रमाणे तिला कुणी शिवलं नाही.

शिवलं असतं तर हात गार लागला असता. शिवलं असतं तर पोट दगडासारखं लागलं असतं.

रखमा लांबून भाकरी सरकवत होती. हौसा म्हणाली, "जाऊबाई, खालच्या अंगाला एका बाजूनं कळ मारतीया. आन् खांदा लय दुखतोय गं." आतून धोंडूबाई म्हणाल्या, "काल एवढं गाठोडं उचाललंस, दुखंलच की. पड जरा." मायेनंच म्हणाल्या. वर गुळाचं पाणी करून उंबऱ्यावर ठेवलं.

ते गाठोड्याचं दुखणं नव्हतं.

बायांनो, नीट ऐका. पुरुषांनो, माना खाली घालू नका, तुम्हीही बाईच्या पोटातूनच आलात. गर्भ पिशवीत रुजायचा असतो. कधी कधी तो पिशवीकडे जाणाऱ्या नळीतच अडकतो आणि तिथंच वाढायला लागतो. नळी काडीएवढी बारीक. पिशवी ताणली जाते, नळी ताणली जात नाही. ती फुटते. रक्त पोटात साठत जातं आणि बाहेर मात्र नुसता डाग दिसतो. पोटातलं रक्त वरच्या पडद्याला जाऊन भिडलं, की कळ खांद्यात उठते. घेरी येते. अंग पांढरं पडतं. पाळी चुकलेल्या बाईला डाग दिसला आणि पोटात कळ आली, तर ती पाळी समजायची नाही. काढा द्यायचा नाही, पोट चोळायचं नाही. तडक इस्पितळ गाठायचं.

तो गर्भ कुणाच्यानं वाचत नाही. पण बाई वाचते! पोट उघडून फुटलेली नळी काढतात, रक्त चढवतात. दुसरी नळी धड असेल, तर पुढं लेकरंही होतात. अशा बाया मी स्वतःच्या पायांनी घरी जाताना पाहिल्यात.

आणि विहिरीवर जे कुजबुजणं चाललंय ना, की हिनं काहीतरी पाडायचं औषध घेतलं असेल, नवरा लांब असतो, वगैरे? ते इथं माझ्या तोंडावर बोला. कुणी आहे? नाही? मग विहिरीवरही नको. तिनं काही केलं नव्हतं. कुणाची करणी नव्हती.

मंगळवारी दुपारी रखमा धावत माझ्याकडे आली. मी पोचले तेव्हा दारात गावाची जीप उभी होती. हौसा छपरात बाजेवर पडलेली, आणि चुलीवर हंडा. मी विचारलं, हे पाणी कशाला? आपले सरपंच अण्णा म्हणाले, "बाई, यात्रा तोंडावर आलीया. देवाचा मुखवटा ह्याच गाडीतनं जातोय. डोस्क्यावरनं पाणी घालून घ्या, मग खुशाल न्या. आमी न्हाई कुठं म्हणतोय?"

खरंच, नाही कुणीच म्हणालं नाही.

मी तिची नाडी धरली. दोऱ्यासारखी. मी ओरडले, उचला! सगळे म्हणाले, "व्हय व्हय, झालंच, पाणी तापलंच." बाजेला हात कुणी लावेना. मी म्हातारी एकटी तिला किती उचलणार? धोंडूबाई रडत रडत फुंकणीनं जाळ करत होत्या. सून लवकर निघावी म्हणून जीव तोडून फुंकत होत्या, आणि त्या जाळापायीच ती अडून राहिली होती. धोंडूबाई, मी तुम्हाला बोल लावत नाही. तुम्ही गार पाणी घातलं नाहीत, एवढी तुमची माया.

मग तिला न्हाऊ घातलं. मग उचललं.

त्या रस्त्याची खडी दुष्काळी कामावर हौसानंच फोडलेली. जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर. ओल्या केसांना शिकेकाईचा वास. ती मध्येच बोलायची, झोपेतल्यासारखी. "बाई, वड्यात मेंढरं उतरली बघा. किती पांढरी." बाहेर नुसता माळ होता. मी म्हटलं, हो गं, दिसतायत. मग तिनं डोळे उघडले, माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाई, आवं, माजं अजून थांबल्यालं न्हाई. तुमी शिवला मला. आता तुमाला बी आंगूळ लागंल."

मरताना त्या पोरीला माझ्या आंघोळीची काळजी होती, मंडळी. हे तिच्या डोक्यात कुणी घातलं?

मी म्हटलं, मिरजेला गेल्यावर करीन, साबण लावून करीन. ती हसली. पदर दातात धरायला हात उचलायला गेली. विट्याच्या अलीकडे तो हात खाली राहिला.

काय म्हणालात, अण्णा? मोठ्यानं बोला. रीत हाय? असेल. देवानं तुम्हाला कधी सांगितलं, की माझ्या गाडीत दुखणाईत बाई नको? मला तर वाटतं, तो मुखवटा स्वतः उठून मागच्या बाकावर सरकला असता. मला ते स्वप्नासारखं दिसतं. मुखवटा मागे, हौसा पुढे, आणि जीप वेळेवर निघालेली.

काल रखमा माझ्याकडे आली होती. तिचीही पाळी चुकली आहे. ती म्हणाली, "बाई, मला डागलं तर मी सांगणारच न्हाई कुणाला. पाणी तापवत बसतील." ऐकलंत? आपल्याच घरात पोरगी आपलं दुखणं लपवून ठेवायच्या गोष्टी करते आहे. मला तिच्यासाठी तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे.

पंचांनी कागदावर लिहावं, की पोटात कळ आलेल्या बाईला, ती बाजूला बसलेली असो की नसो, आधी उचलायचं. गावाची गाडी तिला कसलीही अट न घालता द्यायची. खाली सगळ्यांच्या सह्या. अंगठे चालतील. तो कागद देवळात वाचून दाखवायचा आणि माझ्या हातात द्यायचा. तोंडी शब्द मला नको. तोंडी तर त्या दिवशीही सगळे "व्हय व्हय" म्हणत होते.

आता उभे राहा. महादू, तूही ऊठ, बाळ. हौसासाठी थोडा वेळ गप्प राहू. आणि बायांनो, शेजारी जी कोण उभी असेल, तिचा हात हातात घ्या. आज ती बाजूला बसायची आहे की नाही, ते विचारू नका.

अण्णा, लेखी उत्तर वैशाखी पौर्णिमेला, दिवे लागायच्या आत. मी ओट्यावर बसलेली असेन.