मागखात्यातलं बोलणं

जुन्या कापडगिरणीत आता फ्लॅट झालेत. नमुन्याचा फ्लॅट बघायच्या रांगेत माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या मैत्रिणी होत्या आणि त्यांच्यातल्या एकीचा मुलगा.

"अक्का, आपलं मागखातं हेच ना गं?"

"हेच. तुझे माग त्या खांबापाशी, माझे पार खिडकीकडे."

"आई, खांबापाशी आता आपलं स्वयंपाकघर येईल."

"येऊ दे. तिथं उभं राहायची सवय आहेच मला."

"मग घेऊ या ना? अक्कामावशी, तुम्ही तरी विचारा हिला. महिनाभर विचारतोय, हो नाही की नाही नाही."

"तुझी आई गप्प बसणारी नव्हे रे. मागांच्या धडधडीत कानात ओरडलं तरी ऐकू यायचं नाही, म्हणून आम्ही नुसते ओठ हलवून बोलायचो. या टोकाकडून त्या टोकाला. मध्ये मुकादम उभा, त्याला पत्ता नाही. तुझ्या बापाला हो म्हणायचं ठरलं, ते आधी मला कळलं. त्याला संध्याकाळी, पाळी सुटल्यावर."

"आता किती शांत आहे गं इथं."

"काचा दुहेरी आहेत, आई. बोल ना, काय सांगू बिल्डरच्या लोकांना?"

आई अक्काकडे वळली. तिचे ओठ हलायला लागले, आवाज मात्र नव्हता. बराच वेळ हलत होते. अक्काने डोळ्यांना पदर लावला.

"काय म्हणाली, मावशी?"

"घे म्हणाली."

"एवढा वेळ? आणखी काय म्हणाली?"

"आणखीचं मला म्हणाली."