बँकेवरचा पक्षी

डोळ्यांच्या दवाखान्यात मी माझ्या क्रमांकाची वाट पाहत होते. शेजारच्या बाकावर, रस्त्याकडच्या खिडकीपाशी, एक वयोवृद्ध गृहस्थ आणि त्यांची कन्या बसली होती. परक्यांच्या संभाषणाकडे कान देऊ नये, अशी शिस्त मी माझ्या घरात सर्वांना लावली आहे. त्या दिवशी ती माझ्याच हातून मोडली.

“बाबा, मोतीबिंदू काढला की सगळं लख्ख दिसेल.”

“मग तुझा चेहरा का पडलाय?”

“कुठे काय!”

“समोरच्या बँकेवरचा माझा पक्षी कुठे गेला?”

“तुम्हाला दिसतंय?”

“धूसर दिसतं. आयुष्यभर प्रत्येक चिन्ह मी चष्मा काढून, लांबून तपासलं. धुक्यातही ओळखू आलं तर ठेवायचं, नाहीतर फाडायचं. आता धुकं फुकट मिळतंय.”

“चिडू नका. त्यांना नवा लोगो हवा होता.”

“लोगो! हा शब्द त्या बँकेला मी शिकवला. लोकांचा पैसा राखायचा म्हणून पंख मिटलेले काढले. हे कुणी उघडले?”

“आता पैसे घरबसल्या इकडून तिकडे जातात, बाबा. पक्षी बसून कसा चालेल?”

“असं बँक म्हणाली?”

“नाही. मी बँकेला म्हणाले.”

“तू काढलास?”

“हो. ऑपरेशननंतर तुम्हाला दिसेल, या धास्तीने झोप उडालीय माझी.”

“चष्मा काढून बघितलास?”

“रस्त्यापलीकडे उभं राहून. तुमच्यासारखाच.”

“चोच माझीच ठेवलीस. खाली वळलेली.”

“तिला हात लावायला मन धजेना.”

“लाव. उडणारा पक्षी खाली बघत नाही.”