नाकारलेला चहा

मोरोक्कोतल्या सेफ्रू गावच्या दवाखान्यात माझ्या शेजारी यामना आणि तामू बसल्या होत्या. त्यांचं बोलणं सगळ्या बाकड्याला ऐकू येत होतं.

"तू कशाला आलीस, यामना?"

"गुडघे गं. आणि तू?"

"लघवी. पाळी गेल्यापासून रात्रभर फेऱ्या चालल्यात."

"हळू बोल बाई, पुरुष बसलेत!"

"बसू देत. गप्प राहण्यापायीच माझ्या लेकाचं लग्न मोडत होतं."

"ते कसं?"

"संध्याकाळी मुलगी मागायला गेलो. त्यांनी पुदिन्याचा चहा ओतला. रात्रीच्या भीतीनं मी पेला बाजूला सारला."

"मुलीच्या घरचा चहा नाकारलास? म्हणजे मुलगीच नाकारलीस की!"

"त्यांनाही तेच वाटलं. मुलीचा बाप ताडकन उठला. आत मुलगी रडायला लागली."

"मग?"

"मग सगळ्यांदेखत सांगितलं. म्हटलं, मुलगी सोन्यासारखी आहे, पण हा चहा प्यायले तर लघवी मला रात्रभर नाचवेल."

"या अल्ला! व्याह्यासमोर?"

"लेकाच्या संसारापेक्षा माझी लाज मोठी का?"

"आणि विहीणबाई?"

"तिनं स्वतःचाही पेला खाली ठेवला. म्हणाली, मलाही तेच गं. उद्या दुपारी ये, दोघी मिळून किटली संपवू."

"धन्य आहे तुझी, तामू!"

तेवढ्यात नर्सनं दारातून हाक मारली, "यामनाबाई! गुडघेदुखी ना?"

यामना उठली. तिनं पुरुषांकडे एकदा पाहिलं आणि चांगली मोठ्यानं म्हणाली, "गुडघे ठणठणीत आहेत, पोरी. तामूचं दुखणं तेच माझं."