मागच्या दाराची चौकशी

ड्रीका : पैसे कसले ठेवतोस काउंटरवर?

टून : या तळलेल्या क्रोकेटचे.

ड्रीका : एकतीस वर्षं फुकट खाल्लंस. आजच बहिणीची लाज वाटली?

टून : दुकानाच्या परवान्याचा अर्ज चालू आहे. तो निकालात निघेपर्यंत नगरपालिकेच्या माणसाने तुझ्याकडे फुकट खायचं नाही.

ड्रीका : अर्ज माझा नाही, यॉरनचा. मी विकतेय, तो घेतोय. आणि घेणारा माणूस कसा आहे हे तपासणारा तूच ना?

टून : एरवी मी. इथे मी तुझा भाऊ, म्हणून फाइल शेजारच्या एल्सवेन गावाला गेली. त्यांच्या नात्यागोत्यातली आमच्याकडे येते. सहा गावांनी मिळून ठरवलंय तसं.

ड्रीका : एका सायकलच्या पुलावरून चाळीस वर्षं भांडताय त्या एल्सवेनशी. माझी फाइल मात्र बरी पटकन पोचली.

टून : पूल व्हायचाय अजून. हे झालं. पूर्वी एका गावात डाळ शिजली नाही की काळे धंदे लपवायला दुकान घेणारा माणूस अर्ज मागे घ्यायचा आणि पुढच्या गावात जायचा. आम्ही एकमेकांना सांगतच नव्हतो.

ड्रीका : यॉरनचं पण तसंच आहे का?

टून : मला माहीत नाही. माहीत असायलाही नको. सीत्स्केचं पत्र आलं ना तुला? एल्सवेनची बाई. दोन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही.

ड्रीका : पत्र आहे की. मेयोनेजच्या बादलीखाली. बादली डगमगत होती.

टून : वाचलंस तरी?

ड्रीका : वाचलं. दुकान बघायला आला तेव्हा त्याने काय काय विचारलं, ते हवंय तिला. मुलगा चांगला आहे. बूट पुसून आत येतो. दर वेळी केक आणतो.

टून : मला सांगू नकोस.

ड्रीका : केकचंही नाही?

टून : केकचंही नाही. मला सांगितलंस तर ते मला लेखी कळवावं लागेल.

ड्रीका : मग कोणाला सांगू, तेलाला?

टून : सीत्स्केला.

ड्रीका : मार्चमध्ये खुब्याचं ऑपरेशन आहे माझं. डॉक्टर म्हणाले, नंतर दिवसभर उभं राहणं बंद. तीन वर्षांत हा एकच घेणारा आला, टून. एकच.

टून : ठाऊक आहे.

ड्रीका : ठाऊक आहे म्हणे. खाली मान घालून खातोयस नुसता.

टून : गरम आहे.

ड्रीका : तळणीचं यंत्र किती जुनं आहे, हे त्याने एकदाही विचारलं नाही.

टून : ड्रीका.

ड्रीका : मी तेलाशी बोलतेय. तू खा. बटाटे कोण देतं, विचारलं नाही. शुक्रवारी गर्दी किती, विचारलं नाही. मी तळून पुढे ठेवलं, तर म्हणाला, तेलकट चालत नाही. मागचं दार रस्त्यावरून दिसतं का, एवढं विचारलं. दोनदा.

टून : मी बाहेर सायकलपाशी उभा राहतो.

ड्रीका : बस खाली. बेर्ट आठवतो?

टून : कोठारवाला.

ड्रीका : शाळेमागच्या नाल्यात त्याच्या कोठारातली ती रसायनाची पिंपं सापडली, पोरं आठवडाभर वर्गात कोंडली. बेर्ट सगळ्यांना सांगत फिरायचा, मी फक्त कोठार भाड्याने दिलं, आत काय चालतं ते मी विचारलं नाही. इथेच उभी राहून मी त्याला म्हणाले, एवढंही कळलं नाही तुला, म्हाताऱ्या? दुकान भरलेलं होतं.

टून : तेव्हापासून तो येत नाही.

ड्रीका : नाही येत. त्याला कळत होतं रे. मलाही कळतंय. फार वाईट वाटतं मला त्याचं.

टून : हं.

ड्रीका : मी सांगितलं तर यॉरनला नाही म्हणतील?

टून : ते ठरवणं माझ्या हातात नाही.

ड्रीका : आणि नाही सांगितलं तर?

टून : तुला कोणी काही करणार नाही.

ड्रीका : तूसुद्धा?

टून : मी मार्चमध्ये गाडी घेऊन येईन. जाताना आणि परत आणताना. काहीही झालं तरी.

ड्रीका : एवढं बोलायची परवानगी आहे वाटतं.

टून : विचारून आलोय.

ड्रीका : तिचा नंबर सांग.

टून : अजून थोडे दिवस थांबलीस तरी चालेल.

ड्रीका : थांबले तर नाही करायची मी. सांग.

(टून नंबर सांगतो. ती फोन लावते.)

ड्रीका : हॅलो, सीत्स्के बाई? मी ड्रीका... हो, तीच. दुकान विकत होते ती.