गांडुळाचं बक्षीस

आधी चहाचा घोट गिळून घ्या, नाहीतर नाकातून येईल! आमच्या सोनागिरीच्या पार्कात बागकामाचा क्लास असतो. सर पक्के हिंदीवाले. परवा म्हणाले, "सही जवाब दो, ये चिड़िया का घर ले जाओ!"

आमच्या कुसुमला ते लाकडी घरटं पाहिजे म्हणजे पाहिजेच होतं.

सरांनी विचारलं, "मिट्टी का सबसे अच्छा दोस्त कौन?"

कुसुम माझ्या कानात, "अहो, गांडुळाला हिंदीत काय म्हणतात?"

मला केंचुआ माहीत होतं ना! पण म्हटलं, "तेच. जोरात बोल."

ती उठली अन् सरांकडे बघून ओरडली, "सर, गांडूळ!"

सर लालेलाल. "आंटीजी, गाली क्यों दे रही हैं?"

मी तर हसून हसून खुर्चीवरून घसरलो! कुसुमनं माझ्याकडे एकदा पाहिलं, कुंडीत हात घातला अन् वळवळतं गांडूळ सरांच्या नाकासमोर धरलं. "ये! ये गांडूळ!"

"अरे, केंचुआ!" सर हसले अन् घरटं तिला दिलं.

तिनं कुठं टांगलं सांगू? माझ्या चहाच्या खुर्चीच्या बरोब्बर वर! चिमण्या आल्यात, बिचकतील, म्हणून खुर्ची हलवायची नाही म्हणते. रोज सकाळी टक्कल धुऊन राहिलो, बाबा!